भिंतीजवळचा श्वास

कलाबाई इंगळे कशाला घाबरतात, असं वरवट बकालात कुणाला विचारलं असतं तर त्यानं हसून मान हलवली असती. गावातल्या निम्म्या तरण्या माणसांनी त्यांच्या अंगणवाडीत पहिली खिचडी खाल्लेली. एकदा एका पोराला फिट आली आणि त्याच्या आज्याने त्याला भगताकडे न्यायला बैलगाडी जुंपली. कलाबाईंनी पोर गाडीतून उचललं, कडेवर घेतलं आणि जळगाव जामोदच्या एसटीत जाऊन बसल्या. आजा मागून ओरडत राहिला. त्या पोराला आता स्वतःचं पोर आहे.

त्यांचे यजमान गुलाबराव जिनिंगमध्ये कामाला होते. सारा जन्म सरकीच्या आणि रुईच्या धुळीत गेला. पुढे छाती धरली. शेवटची तीन-चार वर्षं ते घराच्या मागच्या खोलीत खाटेवरच होते. उशाची बाजू भिंतीला टेकलेली, नाकात नळी. त्यांचा श्वास सगळ्या घराला ऐकू यायचा. आत घेताना जड घरघर, मग थोडं थांबणं, मग बाहेर सोडताना हळूहळू विरत जाणारा आवाज. कलाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तो ऐकत. श्वास नीट चालला असला की त्यांचे हात चालायचे. जरा अडखळला की हात पिठातच थांबायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी तो श्वास थांबला तेव्हा त्या तिथेच होत्या, पाण्याचा पेला घेऊन.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मुलगा धम्मदीप पुण्यात एका कंपनीत आहे. त्याने जाण्याआधी मागची खोली रिकामी केली. खाट, गाद्या, औषधांचं कपाट, सगळं काढलं आणि भिंतींना पांढरा रंग दिला. "आई, तू अठी एकटी काय करशीन? चाल माह्यासंग," असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. कलाबाईंनी ऐकलं नाही. "माह्यं गाव आहे, माह्यं घर आहे. मले काय होते?" म्हणाल्या.

तुरी घरात यायला लागल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. एका दुपारी त्या मागची खोली पुसत होत्या. दार वाऱ्याने आदळू नये म्हणून आतून लावलेलं. पुसत पुसत त्या मागच्या भिंतीपाशी आल्या, जिथे खाटेचं उसं होतं तिथे. वाकल्या, आणि कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

जड, घरघरता. मोठा होत गेला, हळूहळू विरला. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा.

त्यांना आधी वाटलं, आपलाच दम लागला आहे. त्यांनी तोंड मिटून, नाक दाबून श्वास रोखला. भिंतीजवळचा श्वास चालूच होता.

हातातलं फडकं तिथेच टाकून त्या मागे सरकल्या. दोन-तीन पावलांत आवाज नाहीसा झाला. इतका की त्यांना वाटलं, झाला तो भास. पदराने तोंड पुसत त्या दाराकडे निघाल्या आणि खोलीच्या मधोमध आल्या तोच तो पुन्हा सुरू झाला, तसाच, अगदी कानाशी. जणू कुणी भिंतीपासून उठून त्यांच्या मागे आलं होतं.

त्यांनी दाराची कडी काढली. बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या. उन्हात बसूनही त्यांना थंडी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाला समजावलं. आपण आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आत्मा नाही, भूत नाही, मेल्या माणसाचं काही मागे राहत नाही. नवऱ्याने हेच सांगत जन्म काढला. विहारात दर पौर्णिमेला वंदना घेणारी बाई मी, माझ्याच घरात मला हे ऐकू यावं? दुपारी त्या हिय्या करून आत गेल्या. भिंतीपाशी होता. मधोमध होता. त्या दोहोंच्या मधल्या जागी नव्हता. पलीकडच्या भिंतीला पुन्हा होता. दार उघडं ठेवलं की बारीक व्हायचा, लावलं की भरून यायचा.

त्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली. पण कडी घातल्याने मन ऐकत नाही. स्वयंपाकघरात बसल्या की त्यांचे कान मागेच लागलेले असायचे. भाकरी करपायला लागली. संध्याकाळी दिवे लागायच्या आत त्या जेवून घ्यायच्या आणि पुढच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसायच्या.

न राहवून त्या दुपारी कडी काढून आत कान देऊन यायच्या. त्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि तिने त्यांची झोपच उडवली. गावच्या बाजाराच्या दिवशी तो आवाज नसायचा. एकदा नव्हता, पुढच्या बाजारालाही नव्हता. गुलाबराव हिंडते-फिरते होते तेव्हा बाजाराच्या दिवशी दुपारी कधी घरी नसत. भाजी, मासे, पानतंबाखू, ओळखीच्यांशी गप्पा, असं करत दिवस मावळताना परत यायचे. कलाबाईंनी हे मनाशी जुळवलं. जो बाजाराला जातो तो घरी येतोही, असं काहीतरी डोक्यात यायला लागलं.

धम्मदीपचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "हाव, बरी आहे." याच्यापुढे बोलायची त्यांना भीती वाटे. सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहिला असता. आणि डॉक्टरला काय सांगणार? त्यांच्या नात्यातली एक म्हातारी शेवटी भिंतीशी बोलत बसायची. तिला पोरं दगड मारायची. रात्री पडल्या पडल्या कलाबाईंना तीच दिसायची. भूत आहे की आपलं डोकं फिरतंय, यातलं अधिक वाईट काय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शेजारच्या पुष्पाबाई माळ्याच्या. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. कलाबाईंशी त्यांचा तीस वर्षांचा घरोबा. एका दुपारी मेथीची जुडी घेऊन आल्या. कलाबाईंकडे बघूनच म्हणाल्या, "काय झालं वं बाई तुले? तोंड असं उतरून काऊन गेलं?"

"झोप नाही येत."

"मागच्या खोलीले कडी काऊन लावली?"

पुष्पाबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. कडी काढून आत गेल्या. दार त्यांच्या मागे आपोआप लोटलं गेलं. कलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. काही ऐकू येऊ नये, असं त्यांना वाटत होतं, आणि पुष्पाबाईंना ऐकू यावं, असंही वाटत होतं.

पुष्पाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातली मेथी खाली सांडत होती.

"वं माय! गुलाबभाऊ..." एवढंच त्या बोलल्या.

आपलं डोकं ठिकाणावर आहे, हे कलाबाईंना त्या घडीला कळलं. त्याने त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण मग आवाज खरा होता.

"त्याहीचा जीव अडकला आहे बाई," पुष्पाबाई ओट्यावर बसून दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही काही केलं नाही. ना पिंड, ना तेरवं. सोनाळ्याचा एक जाणता आहे, मी त्याले बलावते."

"नाही. आमच्यात नाही करत ते."

"तुमच्यात नाही करत, पण तो त अठी आहे ना!"

एरवी यावर कलाबाई तासभर बोलल्या असत्या. आज त्या सांडलेली मेथी गोळा करायला लागल्या. पुष्पाबाई उठून घरी गेल्या आणि पदराच्या गाठीत एक मंतरलेलं लिंबू बांधून परत आल्या. "दारात ठेव. काही नाही झालं त नाही झालं." कलाबाईंनी ते घेतलं. पुष्पाबाई गेल्यावर फेकून द्यायचं, असं ठरवून घेतलं. मग ते हातात धरून त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. शेवटी त्यांनी ते मागच्या खोलीच्या उंबऱ्याजवळ, पायपुसण्याखाली सरकवलं. कुणाला दिसणार नाही असं. आणि मग पुढच्या खोलीत येऊन बुद्धाच्या मूर्तीकडे न बघता बसल्या.

गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बायका दारावरून जाताना पाऊल उचलून चालायच्या. विहारातल्या महामाया नावाच्या एका बाईने पौर्णिमेच्या वंदनेला तोंडावर विचारलं, "कलाताई, लोक म्हणतात ते खरं आहे काय? तुम्हीच असं मानाले लागल्या त आम्ही काय कराव?" कलाबाई त्या पौर्णिमेपासून विहारात गेल्या नाहीत.

समता ही कलाबाईंच्या धाकट्या भावाची मुलगी. जळगाव जामोदला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कुणीतरी तिच्या कानावर घातलं, आत्या कुणाशी बोलत नाही. रविवारी दुपारी ती न कळवता आली. आत्याला बिलगली, तिच्या हाताचं हाड लागलं तशी चमकली. चहा ठेवते म्हणून आत गेली आणि तिचा पाय पायपुसण्यावर पडला. खाली काहीतरी गोल होतं.

"आत्या, हे काय?"

कलाबाईंनी लिंबाकडे बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. यजमान गेले तेव्हाही एवढं आलं नव्हतं. रडता रडता सगळं सांगून झालं. समता ऐकत होती. आत्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिच्या ओठांच्या कडेला बारीकसं हसू होतं.

"थांब, मी पाहून येते," ती म्हणाली.

"दार लाव आतून. नाहीतर नीट येत नाही."

समता आत गेली. कलाबाई बाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग दार उघडलं. समताच्या ओठांवरचं हसू गेलं होतं आणि तिचे ओठ कोरडे पडले होते. ती सरळ बाहेर ओट्यावर जाऊन बसली. कलाबाईंनी पाणी दिलं, ते तिने एका दमात प्यायलं.

"आला?"

"आला."

"त्याहीचाच आहे ना?"

समताला लगेच 'नाही' म्हणता आलं नाही. तिने तो श्वास ओळखला होता. शेवटच्या दिवाळीत ती इथेच राहिली होती. आत्याच्या यजमानांच्या, गुलाबमामांच्या खाटेपाशी बसून तिने त्यांना संत्र्याच्या फोडी भरवल्या होत्या. पुढे मी ही हकीगत विचारायला गेलो तेव्हा ती मला सांगत होती, की त्या पाच-दहा मिनिटांत आपण शिकलेलं सगळं कुठे गेलं ते कळलंच नाही. फक्त उठून बसस्टँडवर जावं, असं वाटत होतं. आत्याला एकटं टाकून जाता येईना म्हणून ती बसून राहिली.

बसल्या बसल्या तिने सहज विचारलं, "आत्या, भिंतीपासून दूर गेलं की कमी होतो ना?"

"कमी नाही होत. बंदच होते. मग मधात गेलं की पुन्हा येते. मग बंद. मग त्या भिंतीले पुन्हा."

समताने मान वर केली. "रोज तसंच? जागा त्याच?"

"त्याच. मले त पाठ झाल्या."

"आत्या, माणूस श्वास घेत असला आणि आपण त्याच्यापासून दूर गेलो, तर आवाज कमी कमी होत जाईन. कमी होऊन पुन्हा मोठा काऊन होईन?"

आत्तापर्यंत कलाबाईंना वाटत होतं, तो उठून मागे येतो.

"चाल," समता म्हणाली. "आपण दोघी जाऊ."

कलाबाई तयार नव्हत्या. समताने त्यांचा हात घट्ट धरला. त्या हाताला घाम होता, हे कलाबाईंना जाणवलं. पोरगीही भ्यालेली आहे, हे कळल्यावर त्यांना जरासं बळ आलं. आत गेल्या, दार लावलं. समताने रांगोळीचा डबा घेतला होता. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्या एकेक पाऊल सरकत गेल्या. आवाज भरून आला की समता एक टिपका टाकायची, आवाज मेला की रेघ ओढायची. श्वास चालू होता. दोघींच्या कानाशी, आत-बाहेर, आत-बाहेर. कलाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

झाल्यावर समताने दिवा लावला. एका भिंतीशी टिपका, मग रेघ, खोलीच्या मधोमध टिपका, पुन्हा रेघ, पलीकडच्या भिंतीशी टिपका. मधलं अंतर सगळीकडे सारखंच.

समता तिथेच खाली बसली. "हे मी शिकवते आत्या," ती म्हणाली. "दर वर्षी फळ्यावर काढते. असं कधी ऐकलं नव्हतं."

तिने कपडे वाळवायची दोरी सोडून आणली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरून हलवायला लागली. आधी दोरी नुसतीच वेडीवाकडी उडाली. मग तिने हाताचा वेग जमवला आणि दोरीला दोन फुगे आले, एक वर, एक खाली, आणि त्यांच्या मधोमध एक जागा अशी राहिली की तिथे दोरी हललीच नाही.

"बोट लाव तिथं."

कलाबाईंनी भीत भीत बोट धरलं. दोन्ही बाजूंना दोरी फडफडत होती. बोटाला मात्र काही लागत नव्हतं.

"माझ्या हातातून लाट जाते, गजावर आपटून परत येते. जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात. काही जागी दोघींचा जोर मिळून दुप्पट होतो. काही जागी एक वर ओढते, एक खाली, म्हणून तिथं काहीच उरत नाही. आवाजाचंही तसंच होतं. भिंतीवरून भिंतीवर आपटतो. आवाजात फक्त एवढा फरक, की भिंतीला लागून जोर जास्त असतो. पण जागा ठरलेल्या. कोणी उठून तुझ्यामागं येत नाही आत्या. तू चालत चालत जोराच्या जागी जातेस."

"मंग येते कुठून तो?"

"बाहेरून. भिंतीच्या वरच्या झरोक्यातून असन. खोली रिकामी आहे, दार लावलं की तिच्यात बरोबर बसतो."

"अन् श्वासासारखा काऊन येते? एकसारखा नाही येत तो. घेते अन् सोडते. थांबते." कलाबाईंचा आवाज चढला. "तू मले दोरी दाखवली. दोरी श्वास घेते काय?"

आत्याचं म्हणणं खरं होतं. जागांचं कोडं सुटलं होतं, श्वासाचं नाही. आणि खोलीत तो अजून चालूच होता. दोघी बाहेर आल्या.

मागच्या बाजूला एक छोटं शेत, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडे डाळ मिल. मिलची गुणगुण गावाला इतकी सवयीची होती की ती कुणाला ऐकूच येत नसे. समता शेताच्या बांधावर उभी राहून बराच वेळ ऐकत होती.

"मिल कधी बंद असते?"

"बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी मजूर येत नाहीत..." आणि कलाबाई बोलता बोलता थांबल्या.

दोघी तशाच मिलवर गेल्या. मिलचा मालक कुलदीप पंचविशीतला पोरगा, कलाबाईंच्याच अंगणवाडीतला. गल्लीतली बोलवा त्याच्याही कानावर होती. भूत आपल्या मिलमधून निघतंय, हे ऐकून त्याला हसावं की रागवावं कळेना. पण समताने विचारलं त्याची उत्तरं त्याने दिली. हो, डाळीची फोलं उडवायला आधी एकच ब्लोअर, वारा मारणारा मोठा पंखा, होता. या हंगामात दुसरा बसवला, तसाच, त्याच कंपनीचा. दोन्ही सोबत चालतात.

"एकदम सारख्या वेगानं?"

"सारखेच म्हणायचे. नवा जराक तेज आहे."

समता म्हणाली, "मी फोन करते तेव्हा नवा बंद करशील? मग पुन्हा चालू. आत्याला खोलीत उभं राहायला सांगते."

कलाबाई दोन पावलं मागे सरकल्या. "मी एकटी नाही राहत तठी."

"मशीन कोणती बंद करायची ते मला इथं थांबून बघावं लागेल आत्या. आणि तो आवाज तुझ्याइतका कोणालाच ओळखू येत नाही. फोन कानाला असू दे. मी बोलत राहते."

कलाबाई घरी आल्या. वाटेत त्यांनी पुष्पाबाईंना सोबत चला म्हणून हात जोडले. पुष्पाबाई मागच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. "मी अठी उभी राहते. तू जाय. मी आहे, पाह्य, मी आहे." दार लावावं लागलं. ऊन कलतीला आलं होतं. झरोक्यातून एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडला होता. कलाबाई पावलं न उचलता, जमिनीवरून फरफटत, उशाच्या जागी गेल्या. एक कान भिंतीकडे, दुसऱ्या कानाला फोन.

श्वास चालू होता. घरघर वाढत गेली, विरली, थांबली. पुन्हा.

"आत्या, ऐकू येतंय?"

"हाव."

"आता बंद करतोय तो."

श्वास भरून आला. आणि थांबला.

कलाबाईंनी वाट पाहिली. पुढचा श्वास आला नाही. त्या सकाळीही असंच झालं होतं. एक भरून आलेला श्वास, आणि मग पुढचा येईल म्हणून पेला हातात धरून उभं राहणं. त्यांच्या घशातून कसलासा आवाज निघाला. बाहेरून पुष्पाबाई दारावर थापा मारायला लागल्या. फोनमध्ये समता ओरडत होती, "आत्या! काय झालं? बोल ना!"

"थांबला," कलाबाई म्हणाल्या. "समता, थांबला तो."

"काहीच नाही का? नीट ऐक. काहीच नाही?"

त्यांनी ऐकलं. होतं. एक बारीक, सरळ, न हलणारी गुणगुण. चरख्यासारखी. तिच्यात घेणं नव्हतं, सोडणं नव्हतं.

"गुणगुणून राह्यलं काहीतरी. मशीनसारखं."

"मशीनच आहे ते. जुना एकटा चालू आहे. आता नवा लावायला सांगते, घाबरू नको."

गुणगुणीत एक लाट उठली. वाढली, विरली. पुन्हा वाढली. श्वास परत आला, आणि कलाबाई खाली बसल्या. या वेळी तो कुठून आला ते त्यांना ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला तो आलाच.

संध्याकाळी समताने दोघी बायकांना ओट्यावर बसवून समजावलं. "समजा, तुम्ही दोघी शेतात चालल्या. पुष्पामावशीची पावलं जरा भरभर. कधी तुमचे दोघींचे पाय एकाच वेळी पडतात, तेव्हा आवाज मोठा. मग हळूहळू चुकत जातात, एकीचा पाय वर तेव्हा दुसरीचा खाली. मग पुन्हा जमतात. दोन पंख्यांचंही तेच. नवा जराक तेज. म्हणून आवाज वाढतो, मरतो, वाढतो. दोघं मिळून श्वास होतो. एकटा असला की नुसती गुणगुण."

पुष्पाबाई ऐकून घेत होत्या. "असन बाई मशीन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मशीनले गुलाबभाऊचाच श्वास काऊन यावा?"

समता म्हणाली, "तो माणसाच्या श्वासाच्या चालीनं येत होता. मामाचा आपण लावला. मीही लावला." आणि तिने मान खाली घातली.

कुलदीपने पुढच्या आठवड्यात नव्या ब्लोअरची पुली बदलून त्याचा वेग आणखी वाढवला आणि दोन्हींच्या खाली रबराचे जाड तुकडे घातले. आवाजाची चाल गेली. आता नीट कान दिला तर भिंतीपाशी थरथर येते, घाईघाईची, तिला कुणी श्वास म्हणणार नाही. कलाबाईंनी झरोक्याला लाकडी झाकण बसवून घेतलं आणि खोलीत कपाट परत आणलं.

मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांनी हे सगळं शांतपणे सांगितलं. रांगोळीच्या टिपक्यांच्या जागाही उठून दाखवल्या. मी विचारलं, आता भीती गेली ना? त्यांनी नाही म्हणून डोकं हलवलं. "डोक्याले समजलं. अंगाले समजून नाही राह्यलं अजून." धम्मदीपला त्यांनी सगळं सांगितलं, समता गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, स्वतः फोन लावून. तो रात्रीत निघून आला, चार दिवस राहिला, पुण्याला चल म्हणाला नाही. विहारात त्या जायला लागल्या. महामायेला त्यांनी एकदा घरी बोलावून खोलीत उभं केलं. काय सांगितलं ते दोघींपुरतं.

सगळ्यात जास्त भीती कधी वाटली, असं मी विचारलं होतं. मला वाटलं, पहिल्या दिवशी म्हणतील. त्या म्हणाल्या, "तो थांबला ना फोनवर, तवा. इतके दिवस मले भेव होतं का ते आहेत. अन् तवा एकदम समजलं का नाहीत."

त्या आता मागच्याच खोलीत झोपतात, खाट मधोमध टाकून. दिवा मात्र रात्रभर चालू असतो.